नंबर लागतो कसा?

पोळ्याच्या सुमारास बोदवडात दोन प्रकारची माणसं वाट बघत असतात. ज्यांच्या कपाशीला कैऱ्या धरल्यात ती आभाळाकडे बघतात, आणि ज्यांच्या घरात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा पास झालेलं पोर आहे ती मोबाइलकडे. पुष्कळ घरांत ही दोन्ही माणसं एकाच ओसरीवर बसलेली सापडतात. निकाल लागून दोन-अडीच महिने झालेले असतात. किराणा दुकानदार विचारतो, शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला भेटलेला शेजारी विचारतो, नाशिकहून मामा फोन करतो, "काय भाचेबुवा, लागला का नंबर?" आणि भाचेबुवा दिवसातून विसाव्यांदा तेच पान रिफ्रेश करतात.

हा नंबर म्हणजे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचा. मुलं त्याला डीएसई म्हणतात. दहावीनंतर तीन वर्षं जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा दुसऱ्या एखाद्या पॉलिटेक्निकात काढायची आणि मग बारावी, सीईटी या वाटेने आलेल्यांच्या वर्गात एक वर्ष ओलांडून जाऊन बसायचं. अमेरिकेत दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलांची जी ट्रान्सफरची धाकधूक असते, तिचा आपल्याकडचा सख्खा भाऊ हाच. फरक मात्र मोठा आहे. तिथे प्रत्येक विद्यापीठ आपापले अर्ज वाचतं, निबंध वाचतं आणि कुणीतरी माणूस ठरवतो की याला घ्यायचं की नाही.

आपल्याकडे असं ठरवणारं कुणीच नसतं. घरातल्यांच्या बोलण्यावरून वाटतं की मुंबईत सीईटी सेलच्या कचेरीत एखादा साहेब फाइल उघडून बसलाय आणि आपल्या पोराचं काय करावं याचा विचार करतोय. त्या साहेबाला चांगली बुद्धी व्हावी म्हणून नवस बोलले जातात. पण निर्णय आधीच झालेला असतो. हजारो पोरांनी भरलेल्या पसंतीच्या याद्या आणि त्यांच्या गुणांची उतरंड यांच्यात तो दडून असतो. यंत्र तो फक्त उलगडतं. आणि ते कसं उलगडतं, हे मला आजवर वाचलेल्या गणितातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं.

आधी जागा कुठून येतात ते बघू. दुसऱ्या वर्षासाठी कुणी नवा वर्ग बांधत नाही. मंजूर संख्येवर, सध्याच्या नियमाने, दहा टक्क्यांपर्यंत जादा जागा मिळतात. बाकीच्या जागा म्हणजे गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला भरल्याच गेल्या नाहीत त्या. म्हणजे आज ज्या बाकावर बसायला बोदवडचं पोर धडपडतंय, तो बाक वर्षापूर्वी कुणालाच नको होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता रांग. डीएसईला सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्केवारीवर गुणवत्ता यादी लागते. दोघांची टक्केवारी सारखी निघाली तर पार दहावीच्या गुणांपर्यंत मागे जावं लागतं. समजा जगात ही एकच रांग असती. मग काम अगदी सोपं होतं. पहिल्या क्रमांकाच्या पोराला विचारा, तुला काय हवं? ते द्या. दुसऱ्याला विचारा, उरलेल्यातलं काय हवं? असं शेवटपर्यंत चालत जा. दिलेली जागा कुणाकडून काढून घ्यावी लागत नाही आणि वाट बघण्यातही अर्थ उरत नाही.

पण रांग एक नसते. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या कटऑफचा गेल्या वर्षीचा पीडीएफ उघडून बघा. एकाच कॉलेजच्या, एकाच शाखेच्या नावाखाली चौकटींची माळ लागलेली असते आणि प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर एक सांकेतिक नाव. जी-ओपन-एच, एल-ओबीसी-एच, जी-एससी-ओ, ईडब्ल्यूएस, टीएफडब्ल्यूएस. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसतं, पण फोड सोपी आहे. जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठी. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ आणि एस म्हणजे राज्य पातळी. प्रत्येक चौकट ही स्वतंत्र रांग. तीच मुलगी एका रांगेत तिसरी असते आणि दुसऱ्या रांगेत चारशेवी.

पहिल्या वर्षाच्या प्रवेशातला गृह विद्यापीठाचा प्रकार तर बोदवडकरांनी मुद्दाम बघण्यासारखा आहे. भुसावळ-बडनेरा मार्गावर बोदवड स्टेशन आहे आणि त्याच मार्गावर थोडं पुढे मलकापूर. गाडीत बसून नीट गप्पा सुरू होईपर्यंत मलकापूर येतं. पण मधे जिल्ह्याची सीमा ओलांडली जाते आणि तिच्याबरोबर विद्यापीठाचीही. बोदवड कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, मलकापूर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजांत राज्याच्या वाट्यातल्या सत्तर टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, असा हिशेब असतो. हद्द ठरते ती बारावी कुठे झाली यावरून. बोदवडची मुलगी बारावीला मलकापूरला गेली तर जळगाव-भुसावळच्या कॉलेजांसाठी ती 'बाहेरची' होते, रोज रात्री जेवायला घरी येत असली तरी. आणि ही रेषा काही सनातन नाही. जळगावचं विद्यापीठ स्थापन झालं १५ ऑगस्ट १९९० रोजी. त्याआधी सगळा खान्देश पुणे विद्यापीठात मोडायचा. तेव्हा बोदवडचं पोर पुण्यात 'घरचं' होतं.

तर रांगा अनेक, पोरं अनेक, आणि प्रत्येकाची पसंती वेगळी. हे सगळं जुळवायचं कसं? एका पोराला एक जागा दिली की दुसऱ्या रांगेतली त्याची जागा मोकळी होते. ती तिसऱ्याला दिली की चौथी मोकळी होते. माणसाने हाताने करायला घेतलं तर तो वेडा होईल.

१९६० मध्ये डेव्हिड गेल नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात येल विद्यापीठाच्या प्रवेशाविषयीचा एक लेख वाचला. अडचण ओळखीचीच होती. कॉलेजला कळत नाही की बोलावलेल्यांपैकी किती जण येतील, आणि मुलाला कळत नाही की हातातली जागा धरून ठेवावी की चांगल्या जागेची वाट बघावी. गेलने प्रश्न गणिताच्या भाषेत मांडून काही सहकाऱ्यांना पाठवला. सगळ्यांचं समाधान होईल अशी जुळणी नेहमीच असते का? लॉइड शॅप्लेचं उत्तर उलट टपाली आलं. असते, आणि ती अशी काढायची. १९६२ च्या जानेवारीत दोघांचा लेख 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त आला. कॉलेजप्रवेश आणि लग्नांची स्थिरता असा त्याचा विषय. अवघी सात पानं, आणि त्यांत एकही समीकरण नाही. सिद्धता साध्या बोलण्याच्या भाषेत लिहिलेली. गणित म्हणजे चिन्हांची गर्दी असं ज्यांना वाटतं त्यांना दाखवण्यासाठी याहून चांगला नमुना नाही, असं लेखकांनीच शेवटी म्हणून ठेवलंय.

लग्नाचं उदाहरण त्यांनी का घेतलं ते आपल्याला समजावून सांगायला नको. मुलीकडचे स्थळ घेऊन येतात. मुलाकडचे चहा-पोहे घेतात, पत्रिका ठेवून घेतात आणि म्हणतात, "कळवतो." होकार नाही, नकारही नाही. याहून बरं स्थळ आलं तर आधीच्यांना नकार जाईल, नाही आलं तर शेवटी होकार. गेल आणि शॅप्ले यांची युक्ती नेमकी हीच. त्यांनी एवढंच दाखवून दिलं की सगळे जण नियमाने 'कळवतो' म्हणत राहिले आणि नकार मिळालेला प्रत्येक जण आपल्या यादीतल्या पुढच्या दारी गेला, तर हे प्रकरण अनंतकाळ चालत नाही. ते कधीतरी थांबतंच, आणि थांबतं तेव्हा नीट जुळलेलं असतं.

तीन पोरं घेऊन करून बघू. बोदवडची एक मुलगी, जामनेरचा एक मुलगा आणि मुक्ताईनगरचा एक मुलगा. जागाही तीनच. एक पुण्याला, एक जळगावला, एक भुसावळला. बोदवडच्या मुलीची पहिली पसंती पुणे, दुसरी जळगाव. जामनेरच्या मुलाला आईवडिलांना सोडून लांब जायचं नाही. त्याने पुणे यादीत घातलेलंच नाही, त्याचं जळगाव आणि मग भुसावळ. मुक्ताईनगरच्या मुलाला पुणेच हवं आणि त्याचे गुण बोदवडच्या मुलीपेक्षा जास्त. जळगावची जागा मुलींसाठी राखीव आहे, पात्र मुलगी नसेल तरच ती मुलाला जाते.

बोदवडची मुलगी पुण्याचं दार ठोठावते. पुणे म्हणतं, थांब, कळवतो. जामनेरचा मुलगा जळगावला जातो. मुलगी कुणी आलेली नाही, म्हणून जळगावही म्हणतं, थांब. दोघं खूश. मग मुक्ताईनगरचा मुलगा पुण्याला पोचतो. त्याचे गुण जास्त, त्यामुळे पुणे त्याला ठेवून घेतं आणि बोदवडच्या मुलीला सोडतं. ती जळगावला जाते. जागा मुलींची, म्हणून जळगाव तिला धरतं आणि जामनेरच्या मुलाला सोडतं. तो भुसावळला जातो, तिथे जागा मोकळी आहे. संपलं.

काय झालं बघा. जामनेरच्या मुलाने पुण्याचं नावही घेतलं नव्हतं. मुक्ताईनगरच्या मुलाला त्याने जन्मात पाहिलेलं नाही. तरी मुक्ताईनगरच्याने पुणे मागितलं म्हणून जामनेरच्याचं जळगाव हुकलं. तीन पोरांत ही साखळी तीन कड्यांची झाली. खऱ्या प्रवेशात हजारो पोरं असतात आणि साखळी लातूरहून निघून व्हीजेटीआय, सीओईपी अशा दारांवरून फिरत बोदवडच्या एखाद्या गल्लीत येऊन थांबते. नंबर लागलेल्या पोराला पेढे वाटताना कळतही नाही की आपण कुणाच्या निर्णयाचे पेढे खातोय.

शिवाय या जुळणीत कुणाला रास्त तक्रार करता येत नाही. बोदवडच्या मुलीला पुणे हवं होतं, पण तिथे बसलेला तिच्यापेक्षा जास्त गुणांचा आहे. जामनेरच्या मुलाला जळगाव हवं होतं, पण ती जागा जिला गेली तिचा हक्क नियमाने आधीचा. "माझ्यापेक्षा कमी हक्काच्याला माझी जागा दिली," असं म्हणू शकणारा एकही जण उरत नाही. गणितात याला स्थिरता म्हणतात, आणि कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ येत नाही ती याच्यामुळे. गंमत म्हणजे दारं कुठल्या क्रमाने ठोठावली याने काही बिघडत नाही. मुक्ताईनगरचा आधी आला असता तरी शेवट हाच.

पुढे कळलं की गेल-शॅप्ले यांच्या आधीच दहा वर्षं हे यंत्र कुणीतरी चालवत होतं. अमेरिकेतल्या नव्या डॉक्टरांना इंटर्नशिपसाठी रुग्णालयं हवी असत आणि रुग्णालयांना डॉक्टर. चांगला मुलगा हातचा जाऊ नये म्हणून रुग्णालयं पदवीच्या आधी दोन-दोन वर्षं मुलांना बांधून घेऊ लागली. मग तारीख ठरवली, तर उत्तराची मुदत आक्रसू लागली. १९४५ मध्ये मुलाला उत्तर द्यायला दहा दिवस मिळत. १९४९ पर्यंत ठराव आला तो असा, की रात्री बारा वाजून एक मिनिटाने तार करायची आणि त्याच दुपारी बाराच्या आत मुलाने हो की नाही ते सांगायचं. हे बारा तासही काही रुग्णालयांना जास्त वाटले! शेवटी १९५२ पासून सगळ्यांच्या याद्या एका ठिकाणी गोळा करून जुळणी होऊ लागली. ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवलं की ती रीत आणि गेल-शॅप्लेची रीत मुळात एकच. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ले आणि रॉथ यांना मिळालं. गेल २००८ मध्येच गेले होते.

त्या तारांच्या गोष्टीतच आपल्या वाट बघण्याचं उत्तर आहे. उत्तर ताबडतोब हवं म्हटलं की काय होतं ते त्या डॉक्टरांनी भोगलं. पहिली आलेली जागा भीतीपोटी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी चांगली जागा आली की कपाळाला हात लावायचा. होकार लांबवणं हाच या यंत्राचा प्राण. पुण्याने बोदवडच्या मुलीला पहिल्याच मिनिटाला पक्कं करून टाकलं असतं, तर मुक्ताईनगरच्या मुलाचा हक्क बुडाला असता. पक्कं केलं नाही म्हणूनच शेवट न्यायाचा झाला.

अर्थात संगणकाला हे सगळं करायला महिने लागत नाहीत. याद्या तयार असल्या की जुळणीचं काम चुटकीसरशी होतं. महिने जातात ते माणसांपायी. डिप्लोमाचे निकाल, नोंदणी, कागदांची ई-छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, त्यावरच्या तक्रारी, अंतिम यादी, ऑप्शन फॉर्म. मग सेतू केंद्राच्या दारात नॉन-क्रिमीलेयरसाठी उभी असलेली माणसं आणि कास्ट व्हॅलिडिटीच्या पावत्या. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जागा मिळूनही न येणारी पोरं. ती कुठेतरी दुसरीकडे गेली, हे फी भरायची मुदत संपल्याशिवाय कळत नाही. म्हणून फेऱ्या कराव्या लागतात. पहिल्या फेरीत मिळालं की हजार रुपये भरून जागा धरायची आणि फ्रीझ किंवा बेटरमेंट ठरवायचं. बेटरमेंट म्हणजे हातातलं न सोडता वरच्या दाराकडे बघत राहणं.

आयआयटी आणि एनआयटी यांचं पूर्वी याच कारणाने हसं व्हायचं. दोघांचे प्रवेश वेगळे, त्यामुळे एकच मुलगा दोन्हीकडे जागा धरून बसायचा आणि एक जागा फुकट जायची. २०१५ पासून दोन्ही एकत्र आले. आयआयटी कानपूरचे सुरेंद्र बसवाना, आयआयटी मुंबईचे शरत चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल-शॅप्लेची रीत आपल्या आरक्षणाच्या बारकाव्यांसह बसवली. तेव्हा ऐंशीच्या आसपास संस्था आणि पाचशेहून अधिक अभ्यासक्रम एकाच यंत्रात आले. हे काम मला नोबेलच्या कामाहून कमी वाटत नाही. अमेरिकन कागदावर प्रवर्गांची अशी माळ नव्हतीच.

आता पोरांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. ऑप्शन फॉर्मवर आधी काय लिहायचं? बोदवडच्या कुठल्याही सायबर कॅफेत याचे तज्ज्ञ भेटतात. "पुणे वर टाकू नको, वाया जाईल. मिळण्यासारखं वर टाक." गणिताचं उत्तर याच्या नेमकं उलट आहे. १९८१ मध्ये डुबिन्स आणि फ्रीडमन यांनी आणि १९८२ मध्ये रॉथने सिद्ध केलं की विद्यार्थी दार ठोठावणारे असतील, तर खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणाऱ्याचं कधीही नुकसान होत नाही. पुण्याने नकार दिला म्हणून जळगावच्या रांगेतला तुमचा क्रम एका पायरीनेही खाली जात नाही. मुलीने पुणे मागितलं होतं, हे जळगावला ठाऊकच नसतं. खोटं बोलून फायदा होत नाही असा सौदा बाजारात कुठे सापडतो? इथे तो सिद्ध झालेला आहे.

पण नियम करणाऱ्यांनाही स्वस्थ बसवत नाही. २०२५-२६ पासून राज्यातल्या इंजिनीअरिंग पदवीच्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि एक सक्ती आली. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर घ्यावीच लागेल. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काही मिळालं तर तेच घ्यायचं, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. हेतू चांगला आहे. पोरांनी जागा अडवून बसू नये आणि वर्ग वेळेवर सुरू व्हावेत. पण त्या देखण्या प्रमेयाला इथेच चिरा पडतो. समजा तुमची तिसरी पसंती दुसऱ्या फेरीत मिळाली. तुम्ही बांधले गेलात. तिसऱ्या फेरीत तुमची पहिली पसंती मोकळी झाली तरी ती तुमच्यासाठी नाही. मग हुशार पोर काय करेल? कधीच मिळणार नाहीत अशी तीन कॉलेजं वरती भरून ठेवेल, म्हणजे खरी तिसरी पसंती सहाव्या ओळीवर जाईल आणि दुसऱ्या फेरीत ते मोकळं राहील. खरं लिहिणारं पोर अडकतं आणि डाव खेळणारं सुटतं. माझ्या मते ही किंमत वाचलेल्या दिवसांपेक्षा जास्त आहे, कारण डाव शिकवणारे काका आणि क्लास पुण्यात असतात, बोदवडात नसतात.

आता त्या रिकाम्या बाकाकडे वळू. रॉथने १९८६ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध केली, आणि तिला ग्रामीण रुग्णालयांचं प्रमेय असंच नाव पडलं. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णालयांच्या जागा रिकाम्या राहायच्या. जुळणीची रीत जरा बदलली, कुणी कुणाचं दार ठोठावायचं ते उलटं केलं, तर त्या भरतील का? नाही. याद्या त्याच असतील, तर एका स्थिर जुळणीत ज्या रुग्णालयाच्या जागा रिकाम्या राहिल्या ते प्रत्येक स्थिर जुळणीत तेवढ्याच जागा आणि तेच डॉक्टर घेऊन बसेल. यंत्र कितीही फिरवा, फरक शून्य. जागा भरायच्या तर लोकांच्या याद्याच बदलायला हव्यात, म्हणजे ते ठिकाण लोकांना हवंसं वाटायला हवं.

जळगाव-धुळ्याकडच्या खासगी कॉलेजांच्या रिकाम्या वर्गांवर दरवर्षी बातम्या येतात आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं की प्रक्रियेत दोष आहे, एक फेरी वाढवा. प्रमेय सांगतं की फेऱ्यांचा तिथे संबंध नाही. पण त्याच रिकाम्या जागांना वर्षभराने नवा मालक मिळतो. पहिल्या वर्षाला पुण्याच्या ओढीने कुणी न घेतलेली जागा दुसऱ्या वर्षाला डीएसईच्या यादीत येते. तीन वर्षं डिप्लोमा करून हात काळे केलेलं, वर्कशॉपमध्ये लेथ चालवलेलं पोर ती घेतं. प्रमेयाला खोटं न पाडता पळवाट निघाली, कारण याद्या लिहिणारी माणसंच बदलली.

आणि एवढं सगळं कळल्यावरही पोट ढवळायचं थांबत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांवर एक प्रयोग केला. पडद्यावर दगड दिसतात. कुठल्या दगडाखाली साप आहे ते ओळखायचं. साप निघाला की हाताला शॉक. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. शॉक बसणारच हे नक्की असताना ताण कमी होता, आणि बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना सगळ्यात जास्त. कटऑफच्या आसपास टक्केवारी असलेल्या पोराला हे कुणी सांगायची गरज नाही. नव्वद टक्केवाला निवांत असतो, पंचावन्नवालाही एका अर्थी निवांत असतो. झोप उडते ती मधल्याची.

कॅलिफोर्नियात केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट बघणाऱ्या २३० जणांचा माग ठेवला. चांगलं होईल असं मनाला बजावणं, विचार टाळणं, निकाल वाईट लागला तरी काय बिघडतं म्हणणं, यांतल्या कशानेच वाट बघणं सुसह्य झालं नाही. उलट ज्यांनी मन लावून काळजी केली त्यांनी बातमी जास्त चांगली पचवली. वाईट आली तर तयारी होती, चांगली आली तर आनंद दुप्पट. म्हणजे "काळजी करू नकोस" म्हणणाऱ्या आत्याचं मनावर नाही घेतलं तरी चालतं.

त्यातल्या त्यात हातात असलेली कामं थोडी आहेत, पण ती कंटाळवाणी आहेत म्हणून राहून जातात. गेल्या वर्षीच्या कटऑफमध्ये आपल्या चौकटीचं सांकेतिक नाव शोधून फक्त तोच रकाना बघायचा, मित्राचा नाही. नॉन-क्रिमीलेयरची तारीख तपासायची. तात्पुरत्या यादीत आपल्या नावापुढे प्रवर्ग बरोबर पडलाय का ते तक्रारीच्या मुदतीतच बघायचं, कारण तिथली चूक पुढच्या सगळ्या रांगांतून तुम्हाला उचलून दुसरीकडे ठेवते आणि यंत्र इमानेइतबारे त्या चुकीचीच अंमलबजावणी करतं. २०२५ पासून अकरावीचेही प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. आधी हा प्रकार मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता. त्यामुळे बोदवडची पोरं आता पंधरा-सोळाव्या वर्षीच पसंतीक्रम लिहायला शिकतात. इंजिनीअरिंगच्या प्रवेशापर्यंत पोचतील तेव्हा सायबर कॅफेवाल्यालाच चार गोष्टी सांगतील.

शेवटच्या फेरीचं पान एखाद्या संध्याकाळी उघडतं. जळगाव, कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल, आणि पुढे रिपोर्टिंगची तारीख, बहुतेक दोन-तीन दिवसांवरची. टीसी, मायग्रेशन, फोटो, डीडी. दुसऱ्या वर्षाचे वर्ग अनेकदा तोवर चालू झालेले असतात. गणिताचे सर एम-थ्रीत लाप्लासवर पोचलेले असतात, आणि बारावीच्या वाटेने आलेल्यांनी पहिल्या वर्षाला केलेलं एम-वन, एम-टू या पोराने पाहिलेलंही नसतं. पहिल्या बाकावरच्या कुणाकडून तरी मागच्या वर्षीच्या वह्या झेरॉक्सला न्यायच्या, एवढंच पहिल्या आठवड्याचं काम.